चौथ्या कोपऱ्यावरचं उ.मा.

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईला नकाशा काय कळणार, म्हणे! कळला तो मलाच.

दिराचं म्हणणं, आमचं स्वयंपाकघर त्याच्या जागेत आलंय, पाडा. म्हणून मोजणी बोलावली. मोजणीदार भर दुपारी आला, फीत ओढली, संध्याकाळी नकाशा दिला. तीन कोपरे सरळ होते. ‘द.सा.’ म्हणजे दगड सापडला, ‘खुं.ठो.’ म्हणजे खुंटी ठोकली. अर्थ कडेला लिहिलेलेच होते. स्वयंपाकघराजवळच्या चौथ्या कोपऱ्यावर मात्र ‘उ.मा.’ होतं, आणि त्याचा अर्थ कुठेच नव्हता.

“उकिरड्याची माती असेल,” आमचे हे म्हणाले. गरीब स्वभावाचे म्हणून यांना लहानथोर सगळे नुसतं नानू म्हणतात.

“उगाच माजलेली वहिनी,” दीर म्हणाला. नानू हसले. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराला धरून आणलं.

“ताई, ज्या खुणेला हात लागतो तीच मी लिहितो. तिथे दगड नव्हता. एक गृहस्थ उभे होते. बाजूला व्हा म्हणून खांद्याला हात लावला...”

“मग?”

“थंडगार... म्हणाले, हद्द इथंच आहे. डोळे वर केले तर कुणी नाही.”

“म्हणजे उभा माणूस!” मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि पाणी मागितलं.

लाटणं हातात घेऊन मी कोपऱ्यात गेले. ऊन रणरणतं, पण त्या हातभर जागेत गारठा, ओल्या मातीचा वास.

“उभेच आहात तर कामाला लागा. धरा ही फीत.”

टोक माझ्या हातातून अलगद गेलं... आणि हवेत ताठ राहिलं. बघायला आलेला दीर दोन पावलं मागे सरला. मोजणीदाराने आकडा वाचला. स्वयंपाकघर अख्खं आमचं, वर दिराचं न्हाणीघर हातभर आमच्यात! मी पोट धरून हसले.

मग जुना दगड कुणी उपटला? सगळ्यांनी दिराकडे बघितलं. तो शपथा घेत सुटला.

त्याच दिवशी नवा दगड बसवला, नवा नकाशा काढला. कोपऱ्यावर आता ‘द.ब.’, दगड बसवला. पण ‘उ.मा.’ गेलं नव्हतं. नकाशात ते सरकून आमच्या उंबऱ्यावर आलं होतं.

हे पांढरेफटक पडले.

“दार लाव... पिंप डुगडुगत होतं गं, म्हणून कोपऱ्यातला एकच दगड त्याच्याखाली...”

पिंपासाठी माझं स्वयंपाकघर जाणार होतं! मी दार सताड उघडलं.

“अहो, हद्द मिळाली ना? आता कोण हवंय?”

बाहेर कुणी नव्हतं. गार झुळूक तेवढी आत आली, आणि तिच्यातून अगदी हळू...

“नानू.”