दोन खाड्या, एकच कंपनी

खाडीच्या तळाशी फिरून पाणी तपासणाऱ्या यंत्रखेकड्याचा आवाज नीरजाच्या कानातल्या यंत्रात घुमला. "धोका! कारखान्याच्या नळातून आम्ल (त्वचा भाजणारं रसायन) येतंय!"

नीरजाने समोर पाहिलं. वेळसईच्या खाडीला ओहोटी लागली होती. तिची आई इतर बायकांबरोबर गुडघाभर पाण्यात शिंपल्या काढत होती.

"आई! बाहेर या सगळ्या!" चिखलातून धडपडत नीरजा ओरडली.

बायका काठावर आल्या तेव्हा आईच्या पोटऱ्या लालभडक झाल्या होत्या. मागे मासे उलटे तरंगू लागले.

खाडीवर संशोधन करणारी उल्काआत्या स्वच्छ पाण्याची कळशी घेऊन धावली. आईच्या पायांवर पाणी ओतताना नीरजा रागाने म्हणाली, "परदेशी कंपनी आली म्हणूनच झालं हे!"

"मग शेजारच्या काडवणला का नाही होत?" आत्याने विचारलं. "तिथेही हीच कंपनी, हीच यंत्रं."

नीरजाला आठवलं: काडवणच्या खाडीत तर भरपूर कोळंबी मिळायची.

"परकीय गुंतवणुकीबरोबर (दुसऱ्या देशातल्या कंपनीने इथे घातलेला पैसा) सांडपाणी शुद्ध करणारं उत्तम यंत्र येऊ शकतं," आत्या म्हणाली, "आणि ते बंद ठेवून खर्च वाचवायचा मोहही. त्यातलं काय होईल, ते स्थानिक संस्थांवर (नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या गावच्या व्यवस्था) ठरतं. काडवणची पाणी समिती रोज तपासते. गडबड दिसली की नळच बंद करते."

"आपल्या गावच्या पाणी समितीत मीही आहे," आई चमकून म्हणाली. "पण बैठक कधी झालीच नाही!"

"नळ बंद करायचा अधिकार मात्र तुम्हालाही आहे, वहिनी."

आई लंगडत कारखान्याकडे निघाली. बायका मागोमाग.

नळाच्या झडपेपाशी व्यवस्थापक आडवे आले. "कंपनी निघून गेली, तर तुमच्याच मुलांच्या नोकऱ्या जातील."

नीरजाचा दादा तिथेच कामाला होता. तरीही तिने विचारलं, "मग काडवणहून का नाही गेली?"

आईने त्यांना वळसा घालून झडपेचं चाक घट्ट फिरवलं आणि नळ बंद केला. कारखान्यातली सांडपाण्याची टाकी भरू लागली, भोंगा किंचाळू लागला. बायका जागच्या हलल्या नाहीत. शेवटी व्यवस्थापकांनी फोन उचलला. "उत्पादन थांबवा. शुद्धीकरण यंत्र चालू करा. आत्ताच!"

भोंगा थांबला. आई तिथेच दगडावर बसली.

"बैठक इथेच घेऊ," ती बायकांना म्हणाली. मग नीरजाकडे वळली. "पाणी कसं तपासतात, ते काडवणला जाऊन शिकायला हवं. येशील माझ्याबरोबर?"