यंत्राला मेलेलेही दिसतात

प्रयोगशाळेच्या जिन्यात तिथली तपासनीस कोराली धडकली ती थेट एका बर्फाच्या डब्यावर. डब्यामागे चीज बनवणारा तिबो उभा, भुवयांवरून पाऊस ओघळतोय...

"अहो, सांभाळा! माझा अख्खा उन्हाळा आहे यात."

"मग उन्हाळा नीट धरावा माणसानं!"

तेव्हापासून फ्रान्समधल्या जुराच्या डोंगरातून चीजचा नमुना तपासणीसाठी तो दर महिन्याला स्वतः आणायचा. कुरिअरवाल्याला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण सांगणार कोण? कोराली तर मुळीच नाही.

आज मात्र यंत्रावरची रेघ वर चढली. चीजमध्ये लिस्टेरिया या घातक जंतूच्या जनुकाची खूण! खरं निघालं तर तळघरातली चीजची तीनशे गोल चाकं जमिनीत पुरायची आणि तिबोच्या दाराला कुलूप.

त्याला बोलावून तिनं विचारलं, "या चाकाला तुम्ही काही केलंत? खरं सांगा."

"तुम्ही बघणार म्हणून... उकळत्या पाण्यानं घासलं. जरा बरं दिसावं म्हणून."

"चीज आहे की नवरदेव? ब्रश कुठला?"

तिबो कानापर्यंत लाल झाला. "मोरीचा."

"कमाल करता हो तुम्ही! मोरीतले जंतू चाकावर आले आणि उकळत्या पाण्यानं मेले असतील. या यंत्राला मेलेले जंतूही दिसतात. जिवंत आहेत का, ते बशीत वाढवल्यावरच कळेल. न घासलेल्या चाकांचे नमुने आमचा माणूस घेईल. तुम्ही कशाला हात लावायचा नाही."

"आणि जिवंत निघाले तर?"

"तर तसंच लिहावं लागेल," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी निकाल आला. सगळ्या बशा कोऱ्या, एकही जिवंत जंतू नाही! तिबोनं कागद दोनदा वाचला, हसला... आणि खालच्या सहीवर थबकला.

"खाली सही तुमच्या सहकारी ओडिलबाईंची? माझं काम तुम्ही दुसऱ्यावर ढकललंत?"

"रेघ चढली तेव्हाच मी तुमचा नमुना त्यांच्याकडे दिला. नमुना जवळच्या माणसाचा असेल तर तसं लिहून द्यायचं आणि बाजूला व्हायचं — नियमच आहे."

"जवळच्या? म्हणजे... काय लिहिलंत?"

तिनं फॉर्म पुढे सरकवला. नात्याच्या रकान्यात 'ओळख' खोडलं होतं. 'मैत्री' खोडलं होतं. त्यापुढे बारीक अक्षरात — 'प्रेम. बहुधा एकतर्फी.'

तिबोनं तिच्या कोटाच्या खिशातलं पेन काढलं आणि शेवटचे दोन शब्द खोडले.

"अहो! साहेबांची सही झाल्यावर खाडाखोड चालत नाही."

"मग साहेबांना तूच समजावून सांग," तो म्हणाला.