भुईचाफ्यावरचं प्लास्टर

भुईचाफा लावायचा तर उन्हाची जागा बघावी, गड्डे वीतभर अंतरावर पुरावेत आणि त्यांना विसरून जावं. हे माझ्या सासूबाईंचं, बायजाबाईंचं शास्त्र. हिवाळ्यात पानं वाळतात, जागा उघडी पडते. चैत्रात पानांआधीच मातीतून जांभळट फुलं वर येतात आणि अंगणभर वास सुटतो.

“दिसत नाय म्हणून मेलं असं नाय गो,” त्या म्हणायच्या. “पाय नको देऊस त्यावर.”

श्रावणात त्या गेल्या. रोह्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला, मृणालीला, त्यातले गड्डे द्यायचे, एवढंच मागून गेल्या. मी हो म्हटलं होतं.

माघात जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात गणपतीचे साचे भरणं चाललं होतं. मी माहेरी. आमच्या हुशार सुजयरावांनी उरलेलं प्लास्टर मोकळी जागा बघून नेमकं भुईचाफ्यावरच ओतलं. दोन बादल्या. मी आले तेव्हा त्याचा दगड झाला होता. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. गड्डे भाजलेच असणार. दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. फोडून बघायचा धीरही होईना.

चैत्रात मृणालीचा फोन आला, रविवारी गड्डे न्यायला येते म्हणून. शनिवारी भर दुपारी, कारागीर जेवून आडवे झालेले, मी अंगणात तोंड लपवत बसले होते. आणि वास आला. त्या दगडाखालून.

सुजयला हाक मारली. त्याने पहारीने अलगद कड उचलली. खाली माती ओलसर, आणि सात उमलत्या कळ्या, एकही दबलेली नाही.

त्याने ती लादी उलटी केली. आतल्या बाजूला दोन हातांचा ठसा होता, शेजारी शेजारी, ओंजळ पालथी घालावी तसा. उजवी करंगळी वाकडी. बायजाबाईंची तशीच होती, उखळात सापडून मोडलेली.

जन्मभर साचे केलेला माणूस तो. त्या पोकळीत बोटं घालून बसून राहिला.

“हात खाली होते... मी वरून ओतलं,” तो म्हणाला. मग वाकड्या करंगळीच्या ठशात बोट फिरवत, “पोळलं असंल ना गो तिला...”

मला भीती वाटली नाही. रडू आलं.

रविवारी मृणाली गड्डे घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन. खड्डे खणून, गड्डे ठेवून ती पाणी आणायला आत गेली होती. परत येऊन बघते तर माती लोटून कुणी नीट थापलेली. घरात दुसरं कुणी नाही.

“वहिनी,” तिने हळूच विचारलं, “मातीवर ही पांढरी भुकटी कसली गो?”