मापाची बंदूक

पेठेत बंदुकांची दुकानं दोन. समोरच्या दुकानात कागद दाखवला की बंदूक हातात पडायची. या दुकानात आधी माप द्यावं लागे. म्हणून दुकानदाराला सगळे मापवाले म्हणत. बायको रागावली की तीही तेच म्हणे.

माप घ्यायला एक वेगळी बंदूक होती. तिच्यातून गोळी सुटत नसे. तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग, तुकड्यातुकड्यांचा होता आणि त्या तुकड्यांमध्ये पाच स्क्रू. गिऱ्हाइकाने ती खांद्याला लावून उभं राहायचं आणि मापवाल्यांनी किल्लीने स्क्रू फिरवत राहायचं. दस्ता लांब, आखूड, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. गाल आणि लाकूड यांच्यामध्ये करंगळी शिरेनाशी झाली की माप झालं. मग त्या मापाचा दस्ता मापवाले स्वतः अक्रोडाच्या लाकडातून घडवत.

"बंदूक अंगाला बसली की नेम धरावा लागत नाही," ते प्रत्येकाला सांगत. "बघायचं आणि चाप ओढायचा. बाकीचं माप बघून घेतं."

चाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी मान ताठ ठेवून सांगितलं होतं.

एकदा एक वेंधळा, सैल हातापायांचा माणूस आला. परवाना चोख होता. माप देताना म्हणाला, "जरा खाली करा. मला वरचं काही मारायचं नाही." मापवाल्यांनी एक स्क्रू दोन आटे खाली घेतला. "आता?" "आता बरोबर खाली बघते," तो म्हणाला आणि दोघेही हसले.

तीन आठवड्यांनी त्या माणसाने बायकोला, मेव्हण्याला आणि मेव्हण्याच्या बायकोला मारलं. तीन गोळ्या, तीन माणसं. तिघंही जेवायला बसलेली होती.

कोर्टात वकिलाने विचारलं, "बंदूक देताना तुम्ही त्याला काय विचारलंत?"

"हाताची लांबी," मापवाले म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

न्यायाधीश म्हणाले, कागद बरोबर होते, तुमच्याकडे बोट दाखवता येत नाही, या तुम्ही. बाहेर फौजदारांनी पाठ थोपटली. बायको म्हणाली, "सुटलात एकदाचे." मापवाले मान हलवत राहिले. त्या रात्री ते भरल्या ताटावरून उठले, दुसऱ्या दिवशीही.

आठवड्याभराने एक म्हातारी दुकानात आली. मारल्या गेलेल्या बायकोची आई. मेव्हणाही तिचाच मुलगा. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ भिंतीवरच्या बंदुका बघत राहिली.

"पंचवीस वर्षं माझा जावई होता," ती म्हणाली. "भिंतीत खिळा ठोकायचा तर तीनदा बोट ठेचून घ्यायचा. मुलगी म्हणायची, आई, याला चहासुद्धा सांडल्याशिवाय ओतता येत नाही. मग त्या दिवशी एकही गोळी चुकली कशी नाही?"

मापवाल्यांनी हातातली स्क्रूची किल्ली खाली ठेवली.

"मी भांडायला आले नाही. भांडून झालं सगळ्यांशी. एवढंच सांगा, पुढच्याला तरी विचाराल का, कशासाठी हवी म्हणून?"

"विचारीन," मापवाले म्हणाले. "पुढच्याला विचारीन."

ती गेल्यावर त्यांनी मापाची बंदूक काढली. त्या माणसानंतर कुणी माप द्यायला आलं नव्हतं; त्याचं माप अजून तिच्यात तसंच होतं. त्यांनी पाचही स्क्रू उलटे फिरवून शून्यावर आणले, बंदूक कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

सकाळी पहिला स्क्रू अर्धा आटा फिरलेला होता.

आपलंच काहीतरी राहिलं असेल, असं त्यांनी धरलं. पुन्हा शून्यावर आणलं आणि पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या सकाळी पहिला स्क्रू एक आटा पुढे होता आणि दुसऱ्यानेही चाल धरली होती. पाचही स्क्रूंवर त्यांनी कागदाच्या पट्ट्या डिंकाने चिकटवल्या. तिसऱ्या सकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या, एकही फाटलेली नव्हती. खाली स्क्रू फिरलेले होते.

स्क्रू वाटेल तसे फिरत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी अदृश्य गिऱ्हाईक समोर उभं असावं आणि त्याचं माप सावकाश घेतलं जात असावं, तसं चाललं होतं. लांबी मध्यम. दस्त्याचं खांद्याकडचं टोक खाली, आणखी खाली. आणि दस्ता वळत होता तो डाव्या खांद्यासाठी.

गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवलेल्या कार्डांच्या पेट्या त्यांनी उपसल्या. चाळीस वर्षांत डावखुरी गिऱ्हाइकं नऊ. एकाचंही माप जुळेना. म्हणजे तो माणूस अजून यायचा होता.

त्या दिवसापासून मापवाल्यांची झोप उडाली. रस्त्यावर, दवाखान्यात, कुणाच्या घरी, जिथे जातील तिथे ते माणसांचे डावे खांदे बघू लागले. "अहो, माझ्या भावाकडे असं काय बघत बसलात?" बायको वैतागली. "त्याला वाटलं, तुम्ही त्याचा कोट मागताय. काढून द्यायला निघाला होता बिचारा!" मापवाले हसले नाहीत. त्यांनी विक्री बंद केली होती. माणूस ओळखायचा तर त्याचा दस्ता हातात धरून बघावा, असं मनात येऊन त्यांनी अक्रोडाचा एक तुकडा घेतला होता आणि रोज सकाळी स्क्रू बघून ते तो तासत होते. पुरा झाला तेव्हा एका जुन्या बंदुकीवर बसवला. चाळीस वर्षांच्या सवयीने हात ते करत गेले. इतका सुबक दस्ता त्यांनी कधी घडवला नव्हता.

दस्ता बसवला त्याच दुपारी त्यांचा धीर सुटला. मापाची बंदूक टेबलावर आडवी ठेवून त्यांनी घण उचलला. घण बंदुकीवर पडलाच नाही, टेबलाच्या कडेवर आपटला, आणि मापवाल्यांचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवून हात गळ्यातल्या झोळीत बांधला. दीड महिना हलवायचा नाही.

दुसऱ्या सकाळपासून स्क्रू फिरायचे थांबले.

माप झालं, मापवाल्यांनी ओळखलं. आता माणूस आला पाहिजे.

तो चौथ्या दिवशी आला. गणिताचा मास्तर होता. डाव्या बाहीवर खडूची पूड.

"वडिलांचा परवाना माझ्या नावावर झालाय," तो म्हणाला. "म्हटलं, आता घेऊनच टाकू."

मापवाल्यांनी मापाची बंदूक डाव्या हाताने त्याच्यापुढे धरली. त्याने ती सहज डाव्या खांद्याला लावली. मापवाल्यांनी जवळ जाऊन करंगळी घातली. शिरली? किंचित शिरली की नाही शिरली? खडूचा वास येत होता. डाव्या करंगळीला सवय नव्हती, त्यामुळे नीट कळलं नाही. शिरली नाही, असं त्यांनी ठरवलं.

"कशासाठी हवी?" त्यांनी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? परवाना आहे म्हणून."

"घरी कोण कोण असतं?"

"बायको, दोन मुली. का हो?"

"जेवायला कुठे बसता?"

मास्तरने बंदूक हळूच काउंटरवर ठेवली. "काका, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"तुम्हाला मी बंदूक देणार नाही."

"नका देऊ," मास्तर म्हणाला. तो रागावलेला नव्हता, थोडा घाबरला होता. "समोरचा देईल. तो मापाच्या भानगडीतही पडत नाही."

काचेतून मापवाल्यांनी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. अर्ध्या तासाने तो लांब खोकं काखेत घेऊन बाहेर पडला. खोक्याला पिवळी दोरी होती.

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं. "स्क्रू फिरले म्हणून माणूस उचलू? कागद बरोबर आहेत ना त्याचे?"

"बरोबर आहेत," मापवाले म्हणाले. "मागच्याचेही बरोबर होते."

"घरी जा, विश्रांती घ्या. हात बघा कसा झालाय तो."

ते घरी गेले नाहीत. पत्ता विचारत म्हातारीच्या दारात गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"विचारलं मी," मापवाले म्हणाले. "पुढच्याला विचारलं."

"मग?"

"मी नाही दिली. तो समोरच्या दुकानातून घेऊन गेला."

म्हातारीच्या मागे टेबलाभोवती चार रिकाम्या खुर्च्या होत्या.

"मग विचारून काय केलंत?" ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

ते वाक्य घेऊन मापवाले दुकानात आले. नुसतं विचारून भागणार नव्हतं. भिंतीवरून त्यांनी ती जुनी बंदूक काढली, नवा दस्ता बसवलेली. तीच का, हे त्यांच्या मनात आलं नाही. ती हाताशी होती. धाक दाखवायला, वेळ आलीच तर त्याला अडवायला. डाव्या हाताने काडतूस भरायला बराच वेळ लागला.

पेठेत विचारून त्यांनी मास्तरचं घर गाठलं; ते उतारावर होतं. रस्ता उंच, घर खाली. कठड्यापाशी उभं राहिलं की थेट स्वयंपाकघराची खिडकी दिसे. दिवेलागण झाली होती. आत मास्तरची बायको ताटं मांडत होती. धाकटी मुलगी बोटावर काहीतरी मोजून दाखवत होती आणि मोठी तिची चूक काढत होती. कोपऱ्यात ते लांब खोकं उभं होतं.

मास्तर आत आला. खोक्याकडे गेला.

मापवाल्यांनी बंदूक उचलली. उजवा हात झोळीत होता, त्यामुळे ती आपसूक डाव्या खांद्याला गेली.

एवढा जिवापाड घडवलेला दस्ता, पण तो त्यांनी स्वतःच्या खांद्याला कधी लावून पाहिला नव्हता.

तो बसला.

सवयीप्रमाणे झोळीतली करंगळी हलली. गाल आणि लाकूड यांच्यामध्ये केसालाही जागा नव्हती. नळी आपोआप खाली वळली. बरोबर खाली बघत होती.

खाली मास्तरने खोकं बाजूला सरकवून त्यामागची खुर्ची ओढली. खोक्यावरची पिवळी दोरी अजून तशीच बांधलेली होती. चौघंही जेवायला बसली.

पुढच्याला विचारीन, असं त्यांनी कबूल केलं होतं. आता स्वतःलाच विचारायला हवं होतं. पण गाल दस्त्याला घट्ट टेकलेला होता, तोंड उघडत नव्हतं, आणि नेम धरावा लागत नव्हता.