तिच्या हातासकट

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. पण खोटं म्हणू नका.

यात माझी भाची आहे. तिच्या नावावर मी गोष्टी रचणार नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या मार्गशीर्षातला गुरुवार होता. दुपार उलटून गेली होती आणि खाली सोसायटीच्या बागेत पोरं क्रिकेट खेळत होती. पिंपळे सौदागर, शिवार चौकाजवळची सोसायटी, सातवा मजला. माझ्या बहिणीचं घर.

मी सलिल. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. मोजमापाची उपकरणं बरोबर दाखवतात की नाही, हे बघायचं. काटा शून्यावर नसेल तर शून्यावर आणायचा. माझं सगळं आयुष्य त्यातच चाललंय.

माझी थोरली बहीण ऋता. तिचे मिस्टर क्षितिज, आमचे दाजी. भोसरीत डिझाइन इंजिनिअर.

आणि त्यांची इरा. नऊ वर्षांची.

श्रावण सरता सरता तिला ताप आला. डेंग्यू निघाला. गणपती बसायच्या आत ती गेली.

त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

दाजींना विमानांचं भारी वेड. हॉलला लागून एक छोटी खोली आहे, तिथे त्यांनी कॉम्प्युटरवर विमान चालवायचं सगळं सामान मांडलं होतं. मोठा स्क्रीन. पायाखाली पेडल. टेबलाला बोल्टने पक्की बसवलेली जॉयस्टिक. ती दांडी आपल्याकडे ओढली की विमानाचं नाक वर जातं, पुढे ढकलली की खाली. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

इरा त्यांच्या शेजारी लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची. दांडीवर तिचा हात, त्यावर दाजींचा हात.

वर असेपर्यंत बाई एकदम राणी. खाली उतरायची वेळ आली की मात्र टरकायची. धावपट्टी जवळ दिसली की दांडी गच्च आपल्याकडे ओढायची.

"बाबा, जमीन आली! अजून एक चक्कर! अजून एकच!"

नाक वर. विमान परत आभाळात.

तिला शेजारी घेऊन दाजींना एकदाही विमान खाली उतरवता आलं नाही. ताईने जेवायला हाक मारली की विमान हवेतच ठेवून स्क्रीन बंद करायचे. आणि दोघं हसत बाहेर यायचे.

ती गेल्यावर ती खोली बंदच होती. ते लाल स्टूल ताईने उचलून पलंगाखाली सारलं होतं. दिवाळी गेली आणि दाजी परत तिथे बसायला लागले.

"पोरगी गेली आणि हा खेळत बसतो रे," ताई मला फोनवर म्हणाली. रडत नव्हती. रडणं संपलं होतं तिचं. "मला त्या विमानाचा आवाज सहन होत नाही, सलिल."

मग एक दिवस दाजींचा फोन आला.

"सलिल, जॉयस्टिक बघून जा ना. विमान आपोआप नाक वर घेतंय. मी हात नाही लावला तरी."

"आत धूळ गेली असेल दाजी. दुकानात दाखवली का?"

"दुकानात नाही द्यायची मला." ते जरा थांबले. "तूच ये."

गुरुवारी पहिली शिफ्ट करून मी कंपनीच्या बसने उतरलो आणि थेट तिकडे गेलो. मजल्यावरच्या बाकी दारांपुढे रांगोळ्या होत्या. कुठल्यातरी घरातून लक्ष्मीची कहाणी वाचल्याचा आवाज येत होता. ताईच्या दारात काही नव्हतं.

"आत आहे," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मी खुर्चीत बसलो आणि तपासायची खिडकी उघडली. स्क्रीनवर एक चौकोन येतो, त्यात एक छोटी फुली असते. दांडी मोकळी सोडली की फुली चौकोनाच्या बरोबर मधोमध पाहिजे.

मधोमधच होती.

"बरोबर आहे की दाजी."

"तू बसलायस म्हणून."

"म्हणजे?"

"ऊठ. मी बसतो."

ते बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. दांडीला शिवलेसुद्धा नाहीत.

फुली खाली सरकली...

खाली म्हणजे दांडी ओढली जातेय.

मला काही वावगं वाटलं नाही तेव्हा. असले बिघाड रोज बघतो मी. खुर्चीचा दाब टेबलावर येत असेल म्हणून खुर्ची मागे घेतली. वायर बदलली. दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिली. शेवटी दांडी खोलून आतून साफ केली, स्प्रिंग पाहिली, परत बसवली.

मी बसलो की फुली मधोमध.

दाजी बसले की खाली.

मी घामाघूम झालो. आणि मग माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी नुसता स्क्रीनकडे बघत होतो.

दांडीकडे मी बघितलंच नव्हतं.

बघितलं...

दांडी कलली होती. दाजींच्या बाजूला. थोडीशीच. पण ती स्प्रिंग चांगली कडक आहे, कुणी ओढून धरल्याशिवाय दांडी तशी राहूच शकत नाही.

आणि ती स्थिर नव्हती. बारीक थरथरत होती. लहान मुलाने जोर लावून काही घट्ट धरलं की त्याची मूठ थरथरते ना... तशी.

तेवढ्यात लाईट गेली.

गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा जाते, त्यात नवल काही नाही. स्क्रीन काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. मी जॉयस्टिकची वायरच उपटून हातात घेतली.

दांडी तशीच. ओढलेली.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. खालच्या पोरांचा गलकासुद्धा ऐकू येईनासा झाला. ते कधी थांबले, मला कळलं नाही.

आणि मग...

कर्र.

प्लास्टिकच्या स्टुलावर कुणी सावरून बसलं की होतो, तो आवाज. दाजींच्या उजव्या हाताला.

तिथे स्टूल नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. नुसती फरशी.

मी एक पाऊल मागे सरलो. दाजी मात्र दचकले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?"

मी मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम विस्कटला. "मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

"दाजी, उठा तिथून. ताईला सांगू. कुणाला तरी बोलावू आपण."

"कुणाला? कशाला?" ते हळूच बोलत होते. झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसं. "माझी पोरगी आहे ती."

त्यांनी शेजारच्या रिकाम्या फरशीकडे बोट केलं.

"घाबरलीय रे ती. हॉस्पिटलमध्येसुद्धा असाच हात धरला होता माझा. सोडतच नव्हती. मी उठलो की जाते, बसलो की येते. येते आणि दांडी धरून बसते. उतरूच देत नाही. मी रोज विमान तसंच हवेत सोडून स्क्रीन बंद करतो."

त्यांनी दांडीकडे पाहिलं.

"मी बंद केल्यावर कुठे राहत असेल ती, सलिल? तिथेच वर? एकटी?"

 

"मला तिला खाली उतरवायचंय," ते म्हणाले. "फुली मधोमध आणून दे. विमान सरळ चाललं पाहिजे. पण तिचा हात काढून नाही. तिच्या हातासकट."

लाईट आली. पंखा फिरायला लागला. मी वायर परत जोडली. ती दोनदा निसटली.

'दांडी मधोमध सोडा आणि बटण दाबा,' असं स्क्रीनवर आलं.

दांडी मधोमध नव्हती.

मी बटण दाबलं.

फुली उडी मारून चौकोनाच्या बरोबर मध्ये आली. आता दांडी तेवढी कललेली असणं म्हणजेच सरळ, असं यंत्राला वाटणार होतं.

दाजींनी लोहगावच्या विमानतळाची धावपट्टी लावली. विमान उडालं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सरळ उडालं. नुसत्या पेडलवर वळवत ते एका मोठ्या वळणाने शहरावरून फिरले, मग परत धावपट्टीकडे तोंड केलं.

धावपट्टी मोठी व्हायला लागली.

दांडी आणखी मागे आली... आपोआप.

थरथर वाढली. नाक वर जायला लागलं.

तेव्हा दाजींनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि दांडीवर ठेवला. दांडीवर म्हणजे... दांडीपासून जरा वर. मूठ पुरती मिटली नव्हती त्यांची. मध्ये एका लहान हाताएवढी जागा होती.

"इरू," ते म्हणाले. "बाबा आहे ना. काही होत नाही. जमीनच आहे, बाळा. जमिनीवर यायचं असतं."

दांडी थांबली.

"आता चक्कर नको. खूप झाल्या चकरा. दमलीस ना?"

दांडी हळूहळू ढिली झाली. नाक खाली आलं. चाकं टेकल्याचा आवाज झाला. विमान पळत राहिलं, मंदावलं, थांबलं.

दाजी रडत होते. आवाज न करता. हात तसाच धरून.

आणि मग...

टक.

दांडी त्यांच्या हाताखालून सुटून सरळ उभी राहिली. दाजींची मूठ मिटली. आत काही नव्हतं.

मी मागे वळलो तर दारात ताई उभी होती. हातात चहाचे कप. कधी आली, किती वेळ उभी होती, माहीत नाही. चहावर साय धरली होती.

"कुणाशी बोलत होतास?" तिने दाजींना विचारलं.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं.  तिला सगळं कळलं असावं. कप खाली ठेवून ती आत आली आणि तिने दाजींना खांद्याला धरून उठवलं.

"ऊठ. मला बसू दे."

ती बसली. त्या खुर्चीत पहिल्यांदाच. हात मांडीवर ठेवून दांडीकडे बघत राहिली. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे.

दांडी हलली नाही.

अंधार पडायला लागला तरी हलली नाही.

"मला का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इतके दिवस ती इथे होती. मी त्या भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होते, क्षितिज. मला एकदा तरी सांगायचंस. मी नुसती शेजारी बसले असते रे..."

आम्ही हॉस्पिटलमधून परत आलो त्या दिवशीसुद्धा मी त्या घरात इतकं वाईट काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या सुट्टीत होतो, तेव्हा दाजींचा फोन आला.

"विमान आता नाक खाली टाकतंय."

मला कारण माहीत होतं. तिच्या हातासकट मी शून्य लावलं होतं. हात निघाला की काटा तेवढाच उलट्या बाजूला जाणार. आमच्या कंपनीतला नवा मुलगाही हे सांगेल.

"संध्याकाळी येऊन नीट करून देतो दाजी."

"नको," ते म्हणाले. "राहू दे तसंच."

ते आजही तसंच चालवतात. विमान सरळ ठेवायला त्यांना दांडी सतत थोडी आपल्याकडे ओढून धरावी लागते. हात दुखत असेल. मी विचारत नाही.

मला एकच गोष्ट झोपू देत नाही. आम्ही तिला उतरवलं, की तिच्या हातातून होतं तेवढंही सोडवून घेतलं? आणि उतरून ती गेली कुठे? दारात तर तिची आई उभी होती.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. दाजी भाजी आणायला खाली गेले होते. ताई त्या खोलीत बसली होती. भर दुपारी. स्क्रीन बंद. हात मांडीवर.

"ताई, जेवलीस का?"

तिने मान वळवली नाही.

"सलिल, इकडे ये. ही हलली का बघ."

"नाही ताई."

"असं लांबून नको. नीट बघ. तुला बारीक कळतं."

मी वाकलो. डोळे दांडीच्या रेषेत आणले. कंपनीत काटा वाचताना आणतो तसे. ताईने श्वास रोखून धरला होता, मला ऐकू येत होतं.

किती वेळ बघत होतो, कोण जाणे.

"हो," मी म्हणालो. "थोडी हलल्यासारखी वाटतेय."

ताईने डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

ते मी तिच्यासाठी म्हणालो, की मला खरंच दिसलं...

देवाशपथ सांगतो, मला ठरवता येत नाही.