झाकणावरची हिरवी चिठ्ठी

"हिला घेऊन जा," कारखान्याचा मालक म्हणाला. "औषध आमचं असेल, पण त्यातलं ग्लिसरीन हिनं पास केलंय."

औषध निरीक्षक बाईंना प्रयोगशाळेत कुणी बसा म्हटलं नव्हतं. समोर केमिस्ट मुलगी भिंतीला टेकून उभी होती. खोकल्याचं औषध पिऊन सहा मुलं दवाखान्यात होती, आणि त्यांत तिची सख्खी भाची होती. मावशीनं तपासलेलं म्हणून बहिणीनं निर्धास्तपणे पाजलं होतं. आता पोरीची मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. विष कोणतं ते कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उतारा देता येत नव्हता.

"तपासलं होतंस?"

"प्रत्येक ड्रम उघडून. नमुने कपाटात आहेत."

बाईंनी ते नमुने पुन्हा तपासून घेतले. ग्लिसरीन अस्सल निघालं.

प्रॉडक्शन मॅनेजरनं तेवढी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना मॅडम. पोरगी वाईट नाही हो, पण कंटाळा करते. एक ड्रम उघडायचा आणि सगळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या."

बाई बसल्या नाहीत. तोंडात साखर घेऊन दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी माणसं त्यांच्या डोक्यात जायची.

गोदाम मालकाच्या मेव्हण्याकडे होतं. बाई सगळ्यांना घेऊन तिथं गेल्या, तेव्हा तो आधीच तापला होता. "हिच्यावर ढकलता आलं नाही की दाजी माझ्यावर ढकलणार. विचारा काय ते."

"माल कोण नेतं?"

"मी कुलूप काढतो. प्रॉडक्शनवाले ड्रम नेतात, रिकामे आणून टाकतात. मधे काय करतात ते बघायला मी काय त्यांच्या मागं फिरू?"

कोपऱ्यात त्या औषधाला वापरलेले तीन रिकामे ड्रम होते. बाईंनी एकावर बोट फिरवलं. प्लॅस्टिक फिकं पडलेलं, बोटाला पांढरी भुकटी लागली. झाकण मात्र गडद निळं होतं आणि त्यावर 'पास'ची हिरवी चिठ्ठी होती.

"चिठ्ठी झाकणावर का?"

"त्यावरूनच भांडलो मी हिच्याशी," मेव्हणा म्हणाला. "थप्पी लावली की दिसत नाही. आधी अंगावर लावायची."

मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅनेजर साहेबांनी सांगितलं. ड्रम पुसताना अंगावरची चिठ्ठी निघते म्हणे. अंगावरच लावायची हा नियम मला माहीत होता. पण साहेबांशी वाद कोण घालणार?"

मिक्सिंगच्या खोलीमागे उघड्यावर यंत्रं गार ठेवणारा चिलर होता. त्यात घालायच्या ग्लायकोलचे तसलेच निळे ड्रम उन्हात रांगेनं उभे होते, झाकणांवर 'औषधासाठी नाही'च्या लाल चिठ्ठ्या. झाकणं सगळी फिकी. पुढचे तीन ड्रम मात्र अंगानं नवेकोरे दिसत होते.

"चिलरमध्ये थोडं ग्लायकोल ओता," बाई मॅनेजरला म्हणाल्या.

"इथं पोरं मरायला टेकलीत आणि तुम्हाला चिलर सुचतोय?" मालक ओरडला.

मॅनेजर पुढच्या तीन ड्रमांना वळसा घालून मागे गेला आणि भिंतीजवळचा एक ड्रम ओढू लागला.

"हाताशी तीन असताना तो का?"

"हा... हा हलका आहे."

"सगळे भरलेले आहेत. मग हलका कसा?"

बाईंनी पुढचा ड्रम उघडायला लावला आणि नळीनं थोडं काढून काचेच्या भांड्यात सोडलं. जाड, संथ धार पडली.

"ग्लायकोलची धार पातळ पडते, हे ग्लिसरीन आहे. चिलरमध्ये ओतताना हीच धार सगळ्यांना दिसली असती, म्हणून तुम्ही वळसा घातलात. उन्हात उभा असलेला ड्रम झाकणासकट विटतो. गोदामात विटक्या ड्रमांवर गडद झाकणं आहेत, इथं गडद ड्रमांवर विटकी. मिक्सिंगला नेताना तुम्ही झाकणं अदलाबदल केलीत. अंगावरची चिठ्ठी आड येत होती, म्हणून आधी ती झाकणावर चढवलीत. चांगला माल इथं लपवला, बाहेर विकायला. औषधात विषारी ग्लायकोल गेलं. वर पोरगीच कंटाळा करते म्हणून सांगत सुटलात. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब."

"दोन्ही गोडच असतं," मॅनेजर पुटपुटला. "मला वाटलं, थोड्यानं काय होतंय."

मेव्हण्यानं त्याची कॉलर धरली.

बाईंनी दवाखान्यात विषाचं नाव कळवलं आणि मुलीकडे वळल्या. "तुझी तपासणी खरी होती. झाकणाची चूक मात्र तुझी. ती मी लिहिणार."

मुलीनं मान हलवली आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, विष कळलं गं. डॉक्टरांना सांगितलंय. आता उतारा देतील."

"हे कुणी तपासलं?" बहिणीनं विचारलं. "पुन्हा तूच?"

मुलीनं फोन बाईंच्या हातात दिला.