कमिट राहिलेली ओळ

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल पालथे ठेवा. उद्या सकाळी तुमचं पहिलं प्रॅक्टिकल, मेनफ्रेमवरच्या, म्हणजे खालच्या त्या मोठ्या मशीनवरच्या डेटाबेसचं. त्याआधी हे तुमच्या कानावर घातलेलं बरं. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, माझं काय जातंय!

तुमच्या सरांच्या आधी इथे शिकवायचा तो कमिटमास्तर. नाव पोरांनीच पाडलेलं. टेबलात ओळ लिहिली की ती कच्ची असते, कमिट दिलं की पक्की होते. मधेच मशीन बंद पडलं तर कच्ची ओळ पुसली जाते, कुणी लिहिलीच नव्हती अशी. हे त्याने पोरांच्या डोक्यात इतकं भरवलेलं की पोरं झोपेत बरळायची. तोंडाचा फटकळ, पण मनाने लोणी. बायको लवकर गेली, घरात तो आणि एकुलती एक लेक. तिला लाडाने ठमी म्हणायचा.

ती त्याच्याच वर्गात शिकायला आली. पहिला सराव तुम्हाला उद्या आहे तोच. सगळ्यांच्या एका टेबलात प्रत्येकाने एक ओळ लिहायची, मनाला येईल ती. ठमी नेमकी कमिट विसरली. मास्तरने सगळ्यांदेखत झापलं, लेक म्हणून जरा जास्तच. ती आपली हसली. त्या शनिवारी संध्याकाळी ती एकटी मागे थांबली, कोपऱ्यातल्या टर्मिनलवर, म्हणजे मशीनला केबलने जोडलेल्या त्या स्क्रीन-कीबोर्डवर. मैत्रिणीला म्हणाली, आज बाबांसाठी लिहितेय. मास्तर घरी गेला, वाट पाहिली, भूक आवरेना म्हणून जेवून घेतलं, आणि त्याचा डोळा लागला. लेक घरी पोचलीच नाही. वळणावर ट्रकने... जाऊ दे.

पुढे मास्तरने ते टेबल उघडलं. सगळ्यांच्या ओळी होत्या, तिची नव्हती. आपलं सरावाचं मशीन दर शनिवारी रात्री एक वाजता आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं, कच्चं असेल ते साफ. पोरगी पुन्हा कमिट विसरली होती. मशीन सांभाळणारा मी, म्हणून मास्तर मला म्हणाला, "ती गेली हे एक वेळ गिळेन रे. पण माझ्यासाठी काय लिहीत होती, ते मला आता कधीच कळणार नाही." एवढा धिप्पाड माणूस, पण माझ्यासमोर ढसाढसा रडला.

दोन वर्षं गेली. मागच्या डिसेंबरात वरून हुकूम आला, वापरात नसलेले सगळे युजर आयडी काढून टाका. ठमीचा आयडी मास्तरने जिवापाड जपला होता. काढायचाच तर दुसऱ्या कुणाच्या हातून नको, म्हणून तो स्वतः आला. महिन्यातला तिसरा शनिवार, रात्रीचे साडेबारा. खाली मशीनरूममध्ये माझी ड्युटी होती. म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आलोच. आणि जिना चढून गेला.

वर वर्गात बसून त्याने आयडी काढायची आज्ञा दिली. मशीनने नकार दिला. आयडी वापरात आहे.

त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा दिली. पुन्हा तेच. मग त्याने पाहिलं, कुठून वापरात आहे. कोपऱ्यातलं टर्मिनल. सराव टेबलातली एक ओळ धरून ठेवलेली. कच्ची.

त्या टर्मिनलची केबल दोन वर्षांपूर्वीच काढलेली, पोरांनो. मीच काढली होती.

माझा फोन वाजला. "आजचा रीस्टार्ट थांबव."

म्हटलं, बाबा रे, ते माझ्या हातात नाही, आपोआप होतं. झालं काय पण?

नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "ठमी बसलीय."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"दर शनिवारी बसत असेल रे," तो म्हणाला. "दर शनिवारी लिहीत असेल. आणि एक वाजला की आपण पुसत आलो..."

फोन त्याने ठेवला नाही, टेबलावर टाकला. पुढचं सगळं मी ऐकलं.

कच्ची ओळ चोरून वाचायची सोय असते. मास्तरला ती पाठ होती. पण त्याने वाचली नाही. लेक लिहीत असताना बापाने तिच्या खांद्यावरून डोकावायचं नसतं, असं मला नंतर म्हणाला.

खुर्ची सरकली. पावलं. कोपऱ्याकडे.

थांबली.

मग त्याचा आवाज. आयुष्यात त्याचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता.

"ठमे... कमिट राहिलंय बघ, बाळा."

शांत...

काहीच नाही...

मग एक बटण दाबल्याचा आवाज. एकच.

एक वाजला, मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं. मी धावत वर गेलो. मास्तर खाली जमिनीवर बसलेला, त्या रिकाम्या खुर्चीला टेकून. मला म्हणाला, आता निघेल बघ आयडी. आणि निघाला, एका झटक्यात. त्याने तो स्वतःच्या हाताने काढला. महिनाभरात नोकरीही सोडली. मी अधूनमधून जातो त्याच्याकडे. रात्री ताट वाढलेलं असतं, पण मास्तर बारा वाजून गेले तरी जेवत नाही. मी आग्रह करत नाही.

उद्या टेबल उघडाल तेव्हा इतरांच्या ओळींमध्ये ती एक ओळ दिसेल. जो आयडी आता अस्तित्वातच नाही, त्याच्या नावावर. तिला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो. त्या मशीनवर मराठी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आहे. वेळेच्या रकान्यात मागच्या डिसेंबरातल्या तिसऱ्या शनिवारची तीच रात्र आहे, एकला एक मिनिट कमी. आणि पुढे एवढंच:

बाबा, झालं माझं. जेवायला थांबा, आलेच.